तलावातही आधी पऱ्हे, मग रोवणी

आषाढात दोन लाख जिरे, म्हणजे माशांची नुकती फुटलेली पिल्ले, तलावात सोडले आणि फाल्गुनात जाळे ओढले, तेव्हा रोहू-कटला मोजायला दोन हातांची बोटे पुरली. चंद्रपूर जिल्ह्यात मूल, सावली, सिंदेवाही भागातल्या मासेमारांमध्ये जाऊन बसा, अशी एखादी हकीकत ऐकायला मिळतेच. तिच्यामागून येणारे निष्कर्षही ठरलेले असतात. बीज नकली होते. पाणी बिघडले होते. रात्री कोणीतरी जाळे मारले. यातले एखादे कारण खरेही असेल. पण पुष्कळदा घडते ते वेगळेच. जिरे तलावात पडल्यापासून आठ-दहा दिवसांत त्यातले बहुतेक दुसऱ्या माशांच्या पोटात गेलेले असते.

माशांची अंडी आणि पिल्ले खाणारे मासे प्रत्येक मामा (माजी मालगुजारी) तलावात आहेत, प्रत्येक बोडीत (शेतातल्या छोट्या तळ्यात) आहेत. ते नेहमीच होते आणि पुढेही राहणार आहेत. त्यांना ओळखायचे कसे, बीज त्यांच्या तोंडून वाचवायचे कसे आणि त्यांना कुठे सुखाने राहू द्यायचे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. सगळ्याचे सार आपल्या धानाच्या शेतीतच आहे. रोवणीचा धान घेणारा शेतकरी बी थेट बांधीत फेकत नाही. आधी छोट्या तुकड्यात पऱ्हे टाकतो, राखण करतो, आणि रोप हाती धरण्याइतके झाले की मग रोवतो. मासोळीच्या बिजाबाबत मात्र आपण वर्षानुवर्षे आवत्या (बी थेट फेकून पेरणी) करीत आलो. तीही पाखरांनी भरलेल्या शेतात.

खाणारे कोण?

अंडी-पिल्ले खाणाऱ्यांचे ढोबळ तीन गट करता येतात.

पहिला गट उघड शिकाऱ्यांचा. मरळ आणि त्याचा लहान भाऊबंद डोक, रुंद जबड्याचा शिवडा, लांब मिशांचा शिंगाळा, पात्यासारखा चपटा चांबट, शिवाय शिंगी आणि गावठी मांगूर. यांना भक्ष्य चावून खाता येत नाही, सबंध गिळावे लागते. म्हणून कोण कोणाला खाणार हे जातीपेक्षा जबड्याच्या मापावर ठरते. दोन बोटांचा डोक जिरे टिपतो, वीतभर मरळ बोटाएवढी पिल्ले, म्हणजे बोटुकली, गिळतो, हातभर शिवडा पाव किलोच्या माशालाही सोडत नाही. हे माप लक्षात ठेवा. पुढचे सगळे उपाय त्याच्यावर उभे आहेत.

दुसरा गट गुपचूप खाणाऱ्यांचा, आणि नुकसानीत तो पहिल्यापेक्षा मागे नाही. जाळ्यातून आपण झटकून टाकतो ती चिल्लर मासोळी, काचेसारखा आरपार दिसणारा चंदा, खवल्यांच्या छोट्या जाती, हे सगळे जिरे आणि अंडी आवडीने खातात. प्रत्येकाचे तोंड एवढेसे, पण तोंडे हजारो. सायप्रिनस तळचा गाळ उकरत फिरतो, पाणवनस्पती उपटतो, आणि त्या गाळात किंवा पानांना चिकटून असलेली दुसऱ्यांची अंडीही त्यासोबत जातात. तिलापिया शेवाळ खातो म्हणून त्याला साधा समजतात. समोर अंडी आली तर तोही सोडत नाही.

तिसरा गट माशांचा नाही, तरी त्याला वगळून चालणार नाही. पाठीवर उलटे पोहणारे किडे, पाणविंचू, पाणढेकूण आणि चतुराची पाणअळी. जिरे जेमतेम सहा-सात मिलिमीटरचे असते. या किड्यांना ते आयते अन्न. ‘आमच्या बोडीत एकही मरळ नव्हता, तरी बीज संपले’ असे सांगणाऱ्याने किड्यांचा विचार आधी करावा.

अंडी वाचवण्याच्या तऱ्हा

रोहू, कटला, मृगळ हे अंड्यांची राखण करीत नाहीत. पावसाळ्यात पाणी चढले की वाहत्या उथळ पाण्यात मादी अंडी सोडते, नर त्यावर रेत सोडतो आणि दोघेही निघून जातात. एक किलोच्या रोहूच्या पोटात दोन लाखांच्या आसपास अंडी असतात. ही संख्या हीच त्यांची ढाल. अंडी पाण्याबरोबर वाहत पसरतात आणि साधारण चौदा ते वीस तासांत फुटतात. खाणारा पोचेपर्यंत अंड्याचे पिल्लू झालेले असावे, अशी ही घाई. तरीही लाखांतली हातावर मोजण्याइतकीच मोठी होतात. नैसर्गिक हिशोबात एका जोडीमागे आयुष्यभरात दोन पिल्ले टिकली तरी वंश तेवढाच राहतो. बाकी सारी दुसऱ्यांच्या पोटी जाण्यासाठीच असतात, आणि तलावातले पुष्कळ जीवन त्यांच्यावर पोसले जाते.

मरळाची तऱ्हा अगदी उलटी. अंडी थोडी, राखण कडक. गवत-पाने बाजूला सारून नर-मादी जागा मोकळी करतात. तेलकट अंडी पाण्यावर तरंगतात. पिल्ले निघाली की त्यांचा तांबूस-नारिंगी थवा पृष्ठभागाशी खळबळत फिरतो आणि खाली आई-बाप पहारा देतात. तिलापियाची मादी अंडी तोंडातच घेऊन फिरते आणि तेवढे दिवस जवळपास उपाशी राहते.

आईच्या तोंडाइतकी सुरक्षित जागा दुसरी कोणती, असे वाटेल. पण आफ्रिकेतल्या मोठ्या सरोवरांत तिथवरही पोचणारे मासे आहेत. मलावी सरोवरातल्या तीन जातींचे निरीक्षण १९८३ साली प्रसिद्ध झाले. हे मासे तोंडात पिल्ले घेतलेल्या मादीला डोक्याने धडक देतात, तिच्या तोंडातून पिल्ले बाहेर पडली की ती खातात. टांगानिका सरोवरात एक मिशीवाला मासा कोकिळेसारखा वागतो. दुसरी मादी अंडी घालत असतानाच तो आपली अंडी त्यांत मिसळतो. ती बिचारी सगळी तोंडात घेते. परकी पिल्ले आधी फुटतात आणि तिच्या तोंडातच तिची पिल्ले खाऊन वाढतात. हे १९८६ साली जगाला कळले. खाणारा आणि वाचवणारा यांची ही चढाओढ माशांच्या जातीइतकीच जुनी आहे. आपल्याला ती थांबवायची नाही. आपल्या बिजाला तिच्यात थोडा वेळ आडोसा द्यायचा आहे.

पऱ्ह्याची जागा: बोडी तयार करणे

पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत धानाला पाणी देण्यासाठी गावोगाव बोड्या आहेत, आता शेततळीही झाली आहेत. जिऱ्याचे संगोपन करायला दोन ते दहा आर (२०० ते १,००० चौरस मीटर) क्षेत्राची आणि एक-दीड मीटर पाणी धरणारी बोडी उत्तम. फार मोठी घेतली की ती साफ करता येत नाही आणि राखताही येत नाही.

१. आटली म्हणजे रिकामी झाली असे धरू नका. मरळ, डोक, शिंगी, मांगूर हे पाण्याबाहेरची हवा घेऊन जगतात. बोडी आटत आली की ओल्या चिखलात दडून राहतात आणि पहिल्या पावसाला पुन्हा वर येतात. म्हणून मे महिन्यात तळ पूर्ण उघडा पडू द्या, भेगा पडेपर्यंत वाळवा, जमल्यास नांगर फिरवा. चर, खड्डा, पाळीतले बीळ असे ओल धरणारे कोपरे हाताने तपासा.

२. बोडी आटतच नसेल तर मोहाची ढेप वापरा. मोहाच्या बियांचे तेल गाळल्यावर उरणाऱ्या ढेपेत सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. ते माशांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडते. मात्रा हेक्टरी अडीच हजार किलो, पाण्याची सरासरी खोली एक मीटर धरून. म्हणजे एका आराला २५ किलो. ढेप भिजवून, कालवून सगळीकडे सारखी शिंपडा. काही तासांत मासे वर येऊ लागतात. हवेवर जगणारे उशिरा येतात, म्हणून जाळे दोन-तीनदा फिरवा. या ढेपेने मेलेले मासे खाता येतात. पाण्यातला विषारीपणा पंधरा ते वीस दिवस राहतो, नंतर तीच ढेप खताचे काम करते. जिरे येण्याच्या तीन आठवडे आधी हे उरकले पाहिजे.

तीन गोष्टी पाळा. तेवढ्या दिवसांत त्या पाण्याचा एक थेंबही नाल्यात, नहरात किंवा शेजाऱ्याच्या बांधीत जाऊ देऊ नका. गुरांना तिथे पाणी पाजू नका. आणि ढेपेऐवजी शेतातले कीटकनाशक कधीही वापरू नका. त्याने मेलेला मासा खाणाऱ्याच्या जिवावर बेततो आणि ते विष तळाच्या मातीत राहते.

३. पाणी आत येते तिथे बारीक जाळी बांधा. कष्टाने साफ केलेल्या बोडीत पहिल्या पुराबरोबर दोनशे डोक आले तर सगळे मुसळ केरात. येणाऱ्या आणि जाणाऱ्या, दोन्ही तोंडांना मच्छरदाणीच्या विणीची दुहेरी जाळी लावा आणि पावसाच्या दिवसांत रोज ती झाडून काढा. पानांनी तुंबलेली जाळी पाण्याच्या जोराने फाटते.

४. चुना आणि खत. जमिनीचा कस पाहून आरामागे दोन-अडीच किलो चुना द्या. ढेप वापरली असेल तर शेणखत बेताने द्या. खताचा हेतू एवढाच, की पाण्यात डोळ्यांना धड न दिसणारे प्राणीप्लवंग वाढावेत. जिऱ्याचे पहिले अन्न तेच. पाण्याला हलका तपकिरी-हिरवा रंग आला की बोडी तयार झाली म्हणावे.

५. किड्यांचा बंदोबस्त. जिरे सोडण्याच्या आधी बारा ते चोवीस तास, वारा पडलेला असताना, साबण-तेलाचे मिश्रण पाण्यावर पसरा. आरामागे ५६० ग्रॅम स्वस्त खाद्यतेल आणि १८० ग्रॅम कपड्याचा साबण. साबण गरम पाण्यात विरघळवून तेलात घोटायचा. पाण्यावर तवंग बसतो, आणि श्वासासाठी वर येणारे किडे गुदमरून मरतात. वारा असेल तर तवंग एका कडेला जमतो आणि मेहनत वाया जाते. चतुराची पाणअळी श्वासाला वर येत नाही, तिच्यावर हा उपाय चालत नाही. तिच्यासाठी बारीक जाळे तळाशी ओढणे हाच मार्ग.

जिरे ते बोटुकली

जिरे सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर सोडा. पिशवी पंधरा-वीस मिनिटे बोडीच्या पाण्यात तरंगत ठेवा, मग तोंड उघडून बोडीचे पाणी थोडे थोडे आत घ्या. जिरे आपणहून बाहेर जाऊ द्या. संगोपनाच्या बोडीत आरामागे ३० ते ५० हजार जिरे पुरते, आणि या टप्प्यावर एकच जात ठेवणे चांगले.

खाद्यासाठी आपल्याला लांब जायला नको. मूल हे भातगिरण्यांचे गाव. धानाचा बारीक कोंडा आणि शेंगदाण्याची ढेप समभाग घ्या, चाळा आणि दिवसातून दोनदा द्या. एक लाख जिऱ्यामागे पहिले पाच दिवस रोज ६०० ग्रॅम, पुढे रोज सव्वा किलोच्या आत-बाहेर. पंधरा ते वीस दिवसांत जिऱ्याचे इंचभर मत्स्यबीज होते. नीट तयार केलेल्या बोडीत शंभरातली तीस ते पन्नास वाचतात. हा आकडा कमी वाटला तर तलावात थेट सोडलेल्या जिऱ्याची आठवण करा.

इथे बरेचजण थांबतात आणि इंचभराचे बीज तलावात ओततात. ते थेट सोडलेल्या जिऱ्यापेक्षा बरे, पण पऱ्हे अजून कोवळे आहे. दुसऱ्या साफ बोडीत आरामागे दोन-तीन हजार या हिशोबाने ते हलवा. दोन-तीन महिन्यांत ८० ते १०० मिलिमीटरची, म्हणजे हाताच्या बोटाएवढी, बोटुकली तयार होते. या टप्प्यात शंभरातली साठ-सत्तर हाती लागतात.

बोटभर मासा चिल्लर मासोळीच्या तोंडात मावत नाही, किड्यांच्या आवाक्यात राहत नाही, डोकाला जड जातो. त्याला धोका उरतो तो मोठ्या मरळ-शिवड्याचा, आणि त्यांची संख्या हजारोंत नसते. बोटुकली सोडण्याचा दुसराही फायदा आहे. जुलै-ऑगस्टात सोडलेले बारीक बीज सांडव्यावरून वाहून जाते. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात, सांडवा थांबल्यावर सोडलेली बोटुकली तलावातच राहते.

यावर रास्त शंका निघेल. आपले पुष्कळ तलाव फाल्गुन-चैत्रात आटतात. ऑक्टोबरात सोडलेला मासा वाढणार कधी? त्यावर उपाय म्हणजे एखादी बारमाही बोडी हाताशी ठेवणे. तिच्यात बोटुकली दाट ठेवून बेताचे खाद्य देत वर्षभर सांभाळायची. दाटीमुळे ती वाढत नाही, पण मरतही नाही. पुढच्या हंगामात मोकळ्या पाण्यात सोडली की खुंटलेली वाढ झपाट्याने भरून काढते. अशी वर्षाची बोटुकली पाच-सहा महिन्यांत विकण्याजोगी होऊ शकते.

बोडीच नसेल तर तलावातच हापा लावा. बारीक विणीच्या कापडी जाळीचा, वरून उघडा किंवा झाकलेला हा चौकोनी पिंजरा बांबूंना बांधून पाण्यात उभा करतात. जाळी आठवड्याला धुवा, नाहीतर शेवाळाने तिची छिद्रे बुजतात आणि आतली पिल्ले गुदमरतात. खेकडे जाळी कातरतात, म्हणून तिचा तळ तलावाच्या तळाला टेकू देऊ नका.

तलावात विष नको

ढेपेचा उपाय वाचून कोणाच्या मनात येईल, की बोडी साफ होते तर अख्खा तलावच साफ करावा. तसे करू नका. हे कळकळीने सांगतो. पऱ्ह्याच्या तुकड्यातले तण आपण निंदतो. म्हणून कोणी जंगल निंदायला जात नाही.

पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलावांची संख्या साडेसहा हजारांवर आहे. मालगुजारी पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला गेली, पण तलावांवर धान, गुरे, शिंगाडे, कमळकंद आणि मासोळी यांचे जगणे आजही चालू आहे. मासेमार ढिवर समाजाच्या पिढ्या ज्यावर जगल्या ती मासोळी बहुतांशी स्थानिक जातींची होती. सोडलेल्या रोहू-कटल्याचे महत्त्व नंतर वाढले. मरळ आजही बाजारात रोहूपेक्षा चांगला भाव घेतो आणि टोपलीत बराच वेळ जिवंत राहतो. शेजारच्या तेलंगणाने तर त्याला राज्य मासा केले आहे. शिवड्याची गणना आज जागतिक पातळीवर धोक्यात आलेल्या जातींत होते. ज्यांना आपण बिजाचे वैरी म्हणतो त्यांतल्या एकाला स्वतःच वाचवण्याची वेळ आली आहे.

हे शिकारी कामही करतात. चिल्लर मासोळी बेसुमार वाढली की ती रोहू-कटल्याचे खाद्य संपवते. मरळ आणि चांबट तिला आवरतात. तिलापिया शिरलेल्या तलावात त्याची पिल्ले खाणारे शिकारी नसले तर पाणी बोटभर वाढीच्या तिलापियाने भरून जाते आणि कोणाच्याच हाती काही लागत नाही. म्हणून तलावाचा नियम वेगळा ठेवा. शिकारी मारून टाकू नका. आपण सोडतो ते बीज मोठे करा, आणि मोठे मरळ-शिवडे हंगामात पकडून विका. तोही उत्पन्नाचाच भाग आहे.

स्थानिक माशांच्या पिल्लांना लपायला जागा लागते, ती पाणवनस्पती देतात. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी-मोरगाव भागात ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळा’सोबत ढिवर स्त्री-पुरुषांनी तलावांतले बेशरम नावाचे झुडूप उपटले, तळ नांगरला, आणि स्थानिक पाणवनस्पती लावल्या. त्या तलावांत स्थानिक मासोळी पुन्हा दिसू लागली. तलावाचा एक कोपरा, शक्यतो पाणी येते त्या बाजूचा उथळ पट्टा, वनस्पतींसाठी आणि अंड्यांसाठी राखून ठेवा. तिथे जाळे नको.

गडचिरोलीकडच्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांमध्ये पाणवठ्यांतल्या मासोळीचाही उल्लेख आहे. ग्रामसभेने जंगलातल्या तळ्या-डोहांवर हा हक्क मिळवला असेल, तर अंडी घालण्याच्या काळात कुठे मासे धरायचे नाहीत हे ठरवण्याचा विचार त्याच ग्रामसभेने करावा.

परके खाणारे

स्थानिक शिकारी आणि बाहेरून आणलेले शिकारी यांत मोठा फरक आहे. स्थानिक शिकाऱ्याबरोबर आपली मासोळी हजारो वर्षे राहिली आहे. त्याला चुकवायचे कसे हे तिच्या अंगात मुरले आहे. परक्यासाठी तिच्याजवळ तोड नसते.

थाई मांगुरापासून दूर राहा. हा मूळचा आफ्रिकेतला मासा घाण पाण्यातही वाढतो, समोर येईल ते खातो, आणि पुरात बोडीतून निघून नाल्यातून नदीत जातो. त्याच्या पैदाशीवर केंद्र सरकारने २००० सालीच बंदी घातली. ‘लवकर वाढणारा मांगूर’ म्हणून कोणी बीज विकत असेल तर घेऊ नका. गावठी मांगूर वेगळा, तो आपला आहे. जिऱ्याच्या अवस्थेत दोघांतला फरक नजरेने कळत नाही, म्हणून बीज ओळखीच्या, नोंदणीकृत केंद्रातूनच घ्या.

तिलापिया १९५२ साली आपल्या देशात आला आणि आता काढता येत नाही इतका पसरला. तुमच्या तलावात अजून शिरला नसेल तर ते भाग्य जपा. बीज सोडण्यापूर्वी प्रत्येक पिशवीतले थोडे पांढऱ्या परातीत ओतून निरखा. वेगळ्या अंगाची पिल्ले दिसली तर काढून टाका.

तिसरी गोष्ट नाजूक आहे, कारण ती आरोग्याशी जोडलेली आहे. हिवतापाच्या आपल्या भागात डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडणे हे गरजेचे काम आहे. पण त्यासाठी वापरले जाणारे गप्पी, आणि १९२८ साली भारतात आणलेला त्यांचा नातलग गॅम्बुसिया, अळ्यांबरोबर माशांची अंडी आणि बारीक पिल्लेही खातात. गॅम्बुसिया तर जगातल्या सर्वांत घातक शंभर परक्या जातींच्या यादीत आहे. म्हणून गप्पी गटारात, सिमेंटच्या टाक्यात, वापरात नसलेल्या विहिरीत सोडा. संगोपनाच्या बोडीत, मामा तलावात आणि जंगलातल्या नाल्यात सोडू नका. जिथे स्थानिक चिल्लर मासोळी आहे तिथे अळ्या खायला ती असतेच.

अंडी खाणारा आणखी एक

खाणाऱ्यांची यादी इथे संपवली तर ती अपुरी राहील. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात सांडव्यावरून पाणी उतरू लागते आणि पोटात अंडी भरलेली मासोळी त्या प्रवाहाला उलटी चढते. त्या रात्री आपण सारे कंदील-बॅटऱ्या घेऊन बांध्यांत आणि नाल्यात उतरतो. चढणीचे मासे आणि त्यांची गाबोळी ही वर्षातली मोठी मेजवानी. पण एका किलोभर रोहूची गाबोळी म्हणजे दोन लाख अंडी. ती एका ताटात संपते. मरळाच्या पिल्लांचा तांबूस थवा दिसला की खाली आई-बाप आहेत हे आपल्याला कळते, आणि गळ टाकला की ते चवताळून घेतात. ते गेले की त्या थव्यावर इतर मासे तुटून पडतात आणि तो पाहता पाहता विरतो. मच्छरदाणीचे जाळे ओढले की बोटुकली व्हायच्या आधीच सगळी पिल्ले भाजीत जातात.

समुद्राकाठीही हीच गोष्ट आहे. लहान पापलेट बेसुमार पकडले जाऊन पापलेटच कमी झाले, तेव्हा महाराष्ट्राने २०२३ साली त्याला राज्य मासा घोषित केले आणि ठरावीक मापाखालची मासोळी पकडण्यावर बंधने आणली. आपल्या तलावांसाठी कोणी बाहेरून येऊन नियम करण्याची वाट पाहू नये. मासेमार संस्थेच्या आणि गावाच्या बैठकीत एवढे तीन ठराव करता येतील. पहिल्या चढणीचे पंधरा दिवस सांडव्यावर अडवणूक नाही. पिल्लांच्या थव्याखालचा मरळ कोणी धरायचा नाही. मच्छरदाणीचे जाळे तलावात उतरवायचे नाही. मेजवानी बंद करा असे मी म्हणत नाही. पंधरा दिवस थांबा, एवढेच मागणे आहे.

वर्षाचे वेळापत्रक

- एप्रिल-मे : संगोपनाची बोडी वाळवणे, बिळे तपासणे, पाळ दुरुस्त करणे. बोडी आटत नसेल तर मोहाची ढेप आताच मिळवून ठेवणे.
- जून : येण्या-जाण्याच्या तोंडांना जाळी. पाणी धरून ठेवणाऱ्या बोडीत ढेप. पहिल्या चढणीचे पंधरा दिवस सांडव्यावर मासे धरणे बंद.
- जुलै : खत, साबण-तेल, मग नोंदणीकृत केंद्रातून आणलेले जिरे. दोन वेळा खाद्य.
- ऑगस्ट : इंचभराचे बीज दुसऱ्या बोडीत हलवणे. मागच्या वर्षीची खुंटवलेली बोटुकली, सांडवा थांबला असेल तर, तलावात सोडणे.
- सप्टेंबर-ऑक्टोबर : यंदाची बोटुकली तलावात. त्यातली काही बारमाही बोडीत पुढच्या वर्षासाठी राखणे.
- नोव्हेंबर ते मार्च : मोठे मरळ, शिवडे, शिंगाळे नेमाने काढून विकणे. मग मुख्य ओढ.

अडचण आली तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. नागपूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयाकडूनही सल्ला घेता येतो. आणि गावातल्या म्हाताऱ्या ढिवराला विचारायला विसरू नका. कोणत्या तलावाच्या कोणत्या कोपऱ्यात मरळ विणीला येतो, हे कागदावर कुठे सापडत नाही. त्याला ते पाठ असते.

संस्थेच्या पुढच्या बैठकीत बिजाचा हिशोब निघेल, तेव्हा नेहमीचा प्रश्न येईल, ‘औंदा किती लाख सोडले?’ त्या वेळी हाताचे बोट वर करा आणि विचारा, ‘केवढे सोडले?’ पऱ्ह्याची पेंडी हातात घेतलेली बाई रोप केवढे झाले ते पाहूनच रोवणीला हात घालते. बिजाच्या बाबतीतही आपण आधी तेवढेच पाहायला शिकलो पाहिजे.